गूगल नकाशावरील व्यवसायाची नोंद : केव्हा व कशी काढावी

सुरतेतील मराठी व्यावसायिक बंधु-भगिनींच्या माहितीसाठी

प्रस्तावना

सहारा दरवाजा, उधना दरवाजा, मजुरा गेट ही नावे सुरतेत राहणाऱ्या प्रत्येकाच्या रोजच्या बोलण्यात आहेत. रिक्षावाल्यास नाव सांगावे आणि त्याने बिनचूक तेथे नेऊन सोडावे. जुन्या कोटाचा दरवाजा मात्र तेथे शोधूनही सापडत नाही. वास्तू गेली, नाव राहिले, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही.

दुकानाच्या नोंदीची गोष्ट वेगळी आहे. दुकान उठून गेले आणि मोबाइलच्या नकाशावरील त्याची खूण तशीच राहिली, तर ग्राहकाला भर उन्हात हेलपाटा पडतो. मालकाने धंदा आवरून दोन वर्षे झाली तरी त्याला फोन येत राहतात. घरातील कर्ता पुरुष निवर्तला असेल, तर तेच फोन घरच्या माणसांना घ्यावे लागतात. याहून वाईट म्हणजे, धनी नसलेल्या अशा नोंदीवर एखादा भामटा स्वतःचा क्रमांक चढवितो आणि आपल्या जुन्या नावाच्या विश्वासावर लोकांकडून पैसे उकळतो.

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली, गोडादरा या भागांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. किराणा, खानावळ, शिलाई, मोबाइल दुरुस्ती, लूमचे सुटे भाग, साड्यांना लेस व टिक्की लावण्याचे घरगुती जॉबवर्क असे अनेक उद्योग ही मंडळी करतात. नकाशावरील नोंद बहुधा घरातील शिकत्या मुलाने किंवा भाच्याने हौसेने करून दिलेली असते. ती कोणत्या ई-मेल खात्यावरून केली, हे पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही. नोंद काढण्याची वेळ येते तेव्हा खरी अडचण येथेच सुरू होते.

या लेखात आम्ही प्रामुख्याने गूगल मॅप्स या सेवेविषयी माहिती देत आहोत, कारण सर्वाधिक विचारणा तिच्याविषयीच होते. पडद्यावरील बटणांची नावे इंग्रजी मांडणीप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. मराठी किंवा गुजराती मांडणीत त्यांचा अनुवाद दिसेल. ही मांडणी वेळोवेळी बदलते, म्हणून शब्दांपेक्षा त्यांमागील अर्थ ध्यानात ठेवावा, ही विनंती.

नोंद येते कोठून?

"आम्ही कधी नोंद केलीच नाही, मग आमचे दुकान नकाशावर आले कसे?" असा प्रश्न अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर असे की, नोंद करण्याचा अधिकार केवळ मालकाकडे नसतो.

गूगल मॅप्स ही सेवा २००५ साली सुरू झाली. भारतासारख्या देशात गल्लीबोळांचे तयार नकाशे हाताशी नसल्यामुळे २००८ मध्ये 'मॅप मेकर' नावाची सोय आणण्यात आली. बेंगळुरू येथील अभियंत्यांनी ती घडविली होती. तिच्याद्वारे कोणीही नागरिक रस्ता, मंदिर, शाळा, दुकान नकाशावर दाखवू शकत असे. मॅप मेकर मार्च २०१७ मध्ये बंद झाले. परंतु लोकांनी ठिकाणे जोडण्याची व दुरुस्त करण्याची सोय मुख्य नकाशातच आली आणि ती आजही चालू आहे. याशिवाय संकेतस्थळे, व्यापारी सूच्या व विकत घेतलेली माहिती यांवरूनही नोंदी तयार होतात.

म्हणून प्रत्येक नोंद पुढील दोहोंपैकी एका प्रकारची असते :

१. दावा केलेली नोंद : मालकाने 'ही माझी आहे' असे सांगून पडताळणी करून घेतलेली.

२. दावा न केलेली नोंद : कोणी वाटसरूने, ग्राहकाने किंवा यंत्रणेने तयार केलेली, जिला अजून धनी मिळालेला नाही.

नकाशावर आपले दुकान उघडल्यावर 'क्लेम धिस बिझनेस' अशी ओळ दिसली, तर ती दुसऱ्या प्रकारची नोंद समजावी. काढण्याची रीत या प्रकारावर अवलंबून असल्यामुळे पहिली तपासणी हीच करावी.

मालकाने नोंद सांभाळण्याच्या सोयीस २०१४ पासून 'गूगल माय बिझनेस' असे नाव होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते बदलून 'गूगल बिझनेस प्रोफाइल' झाले आणि २०२२ मध्ये तिचे स्वतंत्र ॲपही बंद करण्यात आले. जुने ॲप शोधत बसण्यात त्यामुळे अर्थ नाही. आता सर्व काम गूगल शोध किंवा गूगल मॅप्स यांतूनच, आपल्या खात्याने प्रवेश करून करावयाचे असते.

'काढणे' या एका शब्दाचे पाच अर्थ

'नोंद काढून टाका' असे आपण म्हणतो, तेव्हा मनात वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. नकाशाच्या सेवेत त्यांसाठी वेगवेगळे मार्ग आहेत. बहुतेकांची चूक येथेच होते.

१. कायमचे बंद दाखविणे. नोंद लगेच पुसली जात नाही. तिच्यावर 'परमनंटली क्लोज्ड' असा लाल अक्षरांतील शेरा येतो. ग्राहकाला वस्तुस्थिती कळते.

२. तात्पुरते बंद दाखविणे. नोंद, छायाचित्रे व अभिप्राय जसेच्या तसे राहतात. दुकान पुन्हा सुरू झाले की शेरा काढता येतो.

३. पत्ता बदलणे किंवा लपविणे. धंदा चालू आहे, पण जागा बदलली आहे किंवा घरचा पत्ता लोकांस दिसू द्यावयाचा नाही.

४. प्रोफाइल काढणे. मालकाने टाकलेला मजकूर, छायाचित्रे व सांभाळणाऱ्यांचे अधिकार काढून टाकले जातात. मात्र अन्य मार्गांनी मिळालेल्या माहितीवरून ते ठिकाण नकाशावर पुढेही दिसू शकते.

५. केवळ आपला अधिकार सोडणे. यात नोंदीचे काहीच होत नाही. फक्त आपला तिच्याशी संबंध तुटतो.

चौथा व पाचवा मार्ग 'नोंद पुसण्याचा' मार्ग आहे असे समजून अनेक जण तो आधी वापरतात. नोंद तशीच राहते, आणि तिच्यावरील आपला ताबा मात्र जातो. पुढे कोणी तिच्यात खोटा क्रमांक घातला तर आपल्याला कळतही नाही, दुरुस्तही करता येत नाही. घराची किल्ली फेकून दिल्याने घर नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी योग्य तो शेरा लावावा, तो नकाशावर दिसू लागल्याची खात्री करावी, आणि मगच ताबा सोडण्याचा विचार करावा.

कोणत्या प्रसंगी काय करावे?

(अ) दुकान कायमचे बंद झाले असल्यास

'परमनंटली क्लोज्ड' हाच मार्ग योग्य. नोंद पूर्णपणे पुसली जावी असा आग्रह अनेक जण धरतात. परंतु पुसलेली नोंद एखाद्या जुन्या सूचीवरून किंवा ग्राहकाच्या सूचनेवरून पुन्हा उगवू शकते. 'बंद' असा शेरा असलेली नोंद ती जागा अडवून ठेवते आणि जुन्या ग्राहकाला खरे उत्तरही देते.

(आ) जागा बदलली असल्यास

धंदा तोच व नाव तेच असेल, तर जुनी नोंद बंद करू नये. तिच्यातील पत्ता बदलावा. असे केल्याने वर्षानुवर्षे जमलेले अभिप्राय सोबत येतात. बंद करून नवी नोंद केल्यास ती पुंजी मागे राहते. पत्ता बदलल्यावर नव्याने पडताळणी मागितली जाऊ शकते, त्याची तयारी ठेवावी.

खजोद येथील सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले. त्या सुमारास मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून काही पेढ्यांनी आपला कारभार तेथे आणला. काही पेढ्यांनी नंतर तो पुन्हा मुंबईस नेला. अशा हालचालींत जुने कार्यालय बंद झाले, की शाखा म्हणून चालू राहिले, हे नकाशावर स्पष्ट असणे आवश्यक ठरते. कार्यालय हलविले असेल तर एकच नोंद पुढे न्यावी. दोन्ही ठिकाणी माणसे बसत असतील तरच दोन नोंदी ठेवाव्यात.

(इ) काही काळापुरते बंद असल्यास

फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस रिंग रोडवरील शिवशक्ती टेक्सटाइल मार्केटला भीषण आग लागली. त्या मार्केटमध्ये आठशेहून अधिक दुकाने होती. असे संकट ओढवले की व्यापारी दुसरीकडे तात्पुरता गाळा घेऊन धंदा पुन्हा उभा करू पाहतो. अशा वेळी घाईने कोणी 'कायमचे बंद' असा शेरा लावला, तर बाहेरगावच्या ग्राहकाचा समज होतो की पेढीच संपली. जागेचे जेवढे नुकसान झाले असते, त्यात नावाच्या नुकसानीची भर पडते. येथे 'टेम्पररिली क्लोज्ड' हा शेरा लावावा आणि तात्पुरती जागा ठरताच पत्ता बदलावा. शेजाऱ्याच्या दुकानाविषयी सूचना पाठविणाऱ्यांनीही अशा प्रसंगी त्या शेजाऱ्यास विचारल्याशिवाय काही करू नये.

दिवाळीच्या सुट्टीसही हेच लागू आहे. सुरतेत हिऱ्याचे कारखाने व कापड मार्केट त्या काळात बरेच दिवस बंद राहतात. एक-दोन दिवसांची सुट्टी 'स्पेशल अवर्स' मध्ये दाखवावी. दीर्घ सुट्टीसाठी 'तात्पुरते बंद' हा शेरा वापरावा व सुट्टी संपताच न विसरता काढावा.

(ई) घरून धंदा चालत असल्यास

डबे पुरविणाऱ्या, शिवण करणाऱ्या, साड्यांचे जॉबवर्क घेणाऱ्या भगिनींसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. नोंद करताना घरचा पत्ता दिला जातो आणि तो कायमचा सार्वजनिक होतो. अवेळी अनोळखी माणसे दारात येऊ लागली की नोंद नकोशी वाटते. परंतु धंद्यास ग्राहक तर हवेच असतात.

अशा वेळी नोंद काढण्याची गरज नाही. प्रोफाइलमध्ये 'एडिट प्रोफाइल', त्यानंतर 'लोकेशन' येथे जाऊन 'शो बिझनेस ॲड्रेस टू कस्टमर्स' ही कळ बंद करावी आणि त्याऐवजी आपण सेवा देत असलेले भाग, उदाहरणार्थ उधना, भेस्तान, लिंबायत, लिहावेत. असे वीसपर्यंत भाग देता येतात. पत्ता दिसेनासा होतो, धंदा मात्र सापडतो. घराचा दर्शनी भाग किंवा पाटी दिसेल अशी छायाचित्रे कोणी टाकली असल्यास ती आपोआप जात नाहीत. प्रत्येक छायाचित्राची स्वतंत्र तक्रार करावी लागते.

(उ) एकाच दुकानाच्या दोन नोंदी असल्यास

दुकानाचे नाव मराठीत एक, गुजरातीत दुसरे आणि इंग्रजीत तिसरे असल्यामुळे सुरतेत हा प्रकार वरचेवर आढळतो. ज्या नोंदीवर अभिप्राय अधिक व क्रमांक बरोबर असेल ती ठेवावी. दुसरीवर 'डुप्लिकेट' अशी सूचना पाठवावी. तिला 'कायमची बंद' असे दाखवू नये, कारण त्याच नावाचे दुकान एकीकडे चालू व दुसरीकडे बंद दिसल्यास ग्राहक गोंधळतो.

(ऊ) मालक निवर्तले असल्यास

वडिलांचे दुकान, त्यांचेच खाते आणि गुप्तशब्द कोणास ठाऊक नाही, ही स्थिती अनेक घरांत येते. येथे कुटुंबीयांनी त्या खात्यात शिरण्याची खटपट करण्याचे कारण नाही. दुकान बंद झाले असेल तर पुढे दिलेल्या दुसऱ्या पद्धतीने, स्वतःच्या खात्यावरून 'कायमचे बंद' अशी सूचना पाठविता येते. मुलगा किंवा सून दुकान पुढे चालविणार असेल तर मालकीची मागणी करावी. दिवंगत व्यक्तीच्या खात्यासंबंधी विनंती करण्यासाठी गूगलचा स्वतंत्र अर्ज आहे.

दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. परंतु खाते गेल्याने नकाशावरील ठिकाणही जाईल, असे समजू नये. वडिलांचे नाव आणि मोबाइल क्रमांक तसाच दिसत राहू शकतो. तो क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला गेला, तर त्या अनोळखी माणसासही फोन येऊ लागतात.

पहिली पद्धत : नोंद आपल्या ताब्यात असल्यास

१. ज्या खात्यावरून नोंद केली होती त्याच खात्याने प्रवेश करावा.

२. गूगल शोधात दुकानाचे नाव व भाग लिहावा, किंवा 'माय बिझनेस' असे लिहावे. सांभाळण्याची बटणे वर दिसतील.

३. बंद दाखविण्यासाठी 'एडिट प्रोफाइल' मधील 'अवर्स' या भागात जाऊन 'टेम्पररिली क्लोज्ड' किंवा 'परमनंटली क्लोज्ड' निवडावे.

४. शेरा दिसू लागल्याची खात्री दुसऱ्याच्या मोबाइलवरून करावी.

५. प्रोफाइल काढावयाचे असल्यास तीन टिंबांवर दाबून 'बिझनेस प्रोफाइल सेटिंग्ज' व तेथून 'रिमूव्ह बिझनेस प्रोफाइल' येथे जावे. काढलेला मजकूर परत मिळत नाही, म्हणून छायाचित्रे आधी उतरवून घ्यावीत.

हा अधिकार मालकाचा दर्जा असलेल्या खात्यासच असतो. 'मॅनेजर' म्हणून जोडलेल्या माणसास प्रोफाइल काढता येत नाही. एखाद्या जाहिरातवाल्याने नोंद करून दिली असेल आणि मालकाचा दर्जा त्याने स्वतःकडेच ठेवला असेल, तर प्रथम तो आपल्या नावावर करून घ्यावा.

दुसरी पद्धत : नोंद आपल्या ताब्यात नसल्यास

१. गूगल मॅप्समध्ये ते ठिकाण उघडावे.

२. नाव, मजला व दुकान क्रमांक नीट पाहावा. रिंग रोडवरील बहुमजली मार्केटमध्ये एकाच खुणेवर अनेक दुकाने असतात आणि नावेही मिळतीजुळती असतात. चुकीच्या दुकानावर सूचना गेली तर निरपराध व्यापाऱ्याचे नुकसान होते.

३. 'सजेस्ट ॲन एडिट' येथे जावे व त्यातील 'क्लोज ऑर रिमूव्ह' हा पर्याय घ्यावा.

४. कारण निवडावे : कायमचे बंद, दुसरीकडे हलविले, दुबार नोंद, असे ठिकाणच नाही, इत्यादी. जे खरे असेल तेच निवडावे.

५. बंद शटरचे किंवा रिकाम्या गाळ्याचे स्वच्छ छायाचित्र जोडता आल्यास जोडावे.

६. सूचनेचे पुढे काय झाले, हे 'कॉन्ट्रिब्यूट' या भागात दिसते व ई-मेलनेही कळविले जाते.

लवकर निकाल लागावा म्हणून नातेवाइकांच्या दहा मोबाइलवरून एकच सूचना पाठविण्याचा मोह होतो. तो टाळावा. संशयास्पद हालचाल समजून खरी सूचनाही फेटाळली जाण्याचा धोका असतो.

पाटी उतरविण्यापूर्वीच करावयाचे काम

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती ही ठेवावी.

दावा न केलेल्या नोंदीवर मालकी सांगण्यासाठी पडताळणी लागते. पूर्वी टपालाने सांकेतिक क्रमांकाचे कार्ड येत असे. आता पुष्कळदा चित्रफीत मागितली जाते. तिच्यात रस्ता, दुकानाची पाटी, आतील सामान, तसेच शटर उघडणे किंवा गल्ल्यापाशी काम करणे यांसारखा ताब्याचा पुरावा दाखवावा लागतो. दुकान चालू असताना हे दोन मिनिटांचे काम आहे. गाळा रिकामा करून किल्ली मालकास परत दिल्यावर मात्र दाखवावयास काहीच उरत नाही. मग आपल्याच दुकानाच्या नोंदीसाठी परक्याप्रमाणे सूचना पाठवून वाट पाहावी लागते.

म्हणून भाडेकरार संपण्याच्या महिनाभर आधी नोंद ताब्यात आहे की नाही ते पाहावे. नसल्यास दावा करून पडताळणी उरकून घ्यावी. नोंद दुसऱ्याच खात्याच्या ताब्यात असेल तर मालकीची मागणी पाठविता येते. त्या खातेदारास उत्तरासाठी काही दिवसांची मुदत मिळते. उत्तर न आल्यास कधी कधी स्वतः पडताळणी करून नोंद मिळविण्याचा मार्ग उघडतो. या सर्वांस वेळ लागतो, आणि तो वेळ पाटी भिंतीवर असेपर्यंतच आपल्या हाती असतो.

खोटी नोंद व फसवणूक

बेवारस नोंदीवर भामटे कसा डाव साधतात, हे जाणून घेणे आवश्यक आहे. दुकानाचे नाव तेच ठेवून केवळ दूरध्वनी क्रमांक बदलण्याची सूचना पाठविली जाते. ती मान्य झाली की ग्राहकाचा फोन भामट्याकडे जातो. तो मालाचे आगाऊ पैसे मागतो किंवा 'पैसे परत देतो' असे सांगून यूपीआय पिन टाकावयास लावतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे घरातील सर्वांस सांगून ठेवावे. फसलेल्या ग्राहकास आठवते ते आपल्या दुकानाचे नाव.

हा प्रश्न जगभर आहे. गूगलने जाहीर केल्याप्रमाणे २०२३ या एका वर्षात १ कोटी २० लाखांहून अधिक खोट्या व्यवसाय-नोंदी काढण्यात किंवा रोखण्यात आल्या. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत या कंपनीने खोट्या नोंदींच्या जाळ्याविरुद्ध न्यायालयात दावाही दाखल केला.

नावात, क्रमांकात किंवा संकेतस्थळाच्या दुव्यात फसवेगिरी आढळल्यास साधी सूचना न पाठविता 'बिझनेस रिड्रेसल कम्प्लेंट फॉर्म' हा गूगलचा अर्ज भरावा. पडद्याची छायाचित्रे दिनांकासह जपून ठेवावीत. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे व राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी अडविली जाण्याची शक्यता अधिक असते.

वाईट अभिप्रायांमुळे नोंद काढू नये

काही व्यापारी केवळ प्रतिकूल अभिप्राय आले म्हणून नोंद पुसून नवी करू पाहतात. चालू धंद्यास 'बंद' म्हणणे हे खोटे आहे, आणि त्याच जागी त्याच धंद्याची नवी नोंद दुबार ठरते. शिवीगाळ, खोटेपणा किंवा प्रतिस्पर्ध्याचा हात असलेल्या अभिप्रायाची तक्रार करता येते. बाकीच्यांस सौम्य शब्दांत उत्तर द्यावे. वाचणारा ग्राहक अभिप्रायाइतकेच मालकाचे उत्तरही पाहतो.

सूचना फेटाळली गेल्यास

१. पहिली सूचना नाकारली गेल्यास लगेच तीच पुन्हा पाठवू नये. काय कमी पडले ते पाहावे.

२. छायाचित्राचा पुरावा जोडून, योग्य कारण निवडून काही दिवसांनी पुन्हा पाठवावी.

३. नोंद ताब्यात असल्यास बिझनेस प्रोफाइलच्या साहाय्य विभागाकडे लिहावे व प्रकरणाचा क्रमांक जपून ठेवावा.

४. खासगी माहिती उघड झाली असेल किंवा कायद्याचा भंग होत असेल, तर कायदेशीर कारणासाठी माहिती काढण्याचा वेगळा अर्ज आहे.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क सांगितला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मात्र जी वैयक्तिक माहिती आपण स्वतः होऊन सार्वजनिक केली, तिला हा अधिनियम लागू नाही. धंद्यासाठी स्वतःच जाहीर केलेल्या मोबाइल क्रमांकाविषयी या कायद्यावर फार विसंबू नये.

इतर नकाशे व सूच्या

गूगलवरील नोंद बदलली म्हणजे सर्वत्र बदलली, असे होत नाही.

ॲपल मॅप्स : आयफोन वापरणारे ग्राहक हा नकाशा पाहतात. ठिकाण उघडून चूक कळविता येते. मालकांसाठी 'ॲपल बिझनेस कनेक्ट' ही सोय जानेवारी २०२३ पासून सुरू झाली.

मॅपल्स : १९९५ साली स्थापन झालेल्या मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचा हा नकाशा आहे. त्यावरील चूक स्वतंत्रपणे कळवावी.

ओपनस्ट्रीटमॅप : २००४ साली सुरू झालेला हा स्वयंसेवकांचा नकाशा असून अनेक ॲप त्याचा आधार घेतात. खाते उघडून स्वतः दुरुस्ती करता येते किंवा त्या जागी टीप ठेवता येते.

जस्टडायल, इंडियामार्ट : हे नकाशे नसून व्यापारी सूच्या आहेत. तेथील नोंदीही स्वतंत्रपणे बंद करून घ्याव्यात, अन्यथा तेथील जुनी माहिती पुन्हा इतरत्र पसरते.

सरकारी नोंदी वेगळ्या

नकाशावर 'कायमचे बंद' असा शेरा लागला म्हणजे धंदा कायद्याने बंद झाला असे नाही. जीएसटी नोंदणी असल्यास ती रद्द करण्यासाठी आरईजी-१६ हा अर्ज करावा लागतो, आणि नियमित विवरणपत्र भरणाऱ्यांनी रद्द झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावयाचे असते. सुरत महानगरपालिकेकडील गुमास्ता नोंद, उद्यम नोंदणी, वीजजोडणी, बँकेचे चालू खाते व दुकानात लावलेला क्यूआर संकेत यांचाही वेळीच निकाल लावावा. भिंतीवर राहिलेला जुना क्यूआर संकेत नव्या भाडेकरूच्या ग्राहकांचे पैसे आपल्या खात्यात आणून टाकतो, आणि त्यातून नाहक वाद उद्भवतात.

थोडक्यात

१. नोंद ताब्यात आहे की बेवारस, हे प्रथम पाहावे.

२. काय घडले आहे ते ठरवावे : बंद, स्थलांतर, तात्पुरती अडचण, घरचा पत्ता, दुबार की फसवणूक.

३. त्याप्रमाणे योग्य मार्ग निवडावा.

४. आधी शेरा, मग खात्री, आणि शेवटी ताबा सोडणे, हा क्रम मोडू नये.

५. पाटी उतरविण्यापूर्वी पडताळणी उरकावी.

६. नोंदीचे खाते व गुप्तशब्द घरातील आणखी एका विश्वासू माणसास माहीत असू द्यावा.

दुकान थाटताना आपण मुहूर्त पाहतो, पाटीवर नाव कोरतो, दारास तोरण बांधतो. आवरतानाही तेवढीच काळजी घेतली, तर ज्या नावावर ग्राहकांनी वर्षानुवर्षे विश्वास टाकला ते नाव कोणा भामट्याच्या हाती पडणार नाही. आपल्या परिचयातील वयोवृद्ध व्यावसायिकांची नोंद तरुण मंडळींनी एकदा स्वतः उघडून तपासून द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.